वॉरेन जॉन्सन

वॉरेन सीमोर जॉन्सन (जन्म : ६ नोव्हेंबर १८४७, लीसेस्टर, व्हर्माँट, अमेरिका – मृत्यू : ५ डिसेंबर १९११, लॉस एंजेलस, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन शिक्षक, संशोधक आणि उद्योजक होते. खोलीतील तापमानाची सूचना विजेच्या साहाय्याने दूरवर पोहोचवणाऱ्या उपकरणाचे पेटंट त्यांना १८८३ मध्ये मिळाले. विजेवर चालणाऱ्या खोलीतील तापनियंत्रकाच्या, म्हणजेच थर्मोस्टॅटच्या, इतिहासाचा आरंभ बहुधा याच उपकरणापासून मानला जातो. त्यांनी स्थापन केलेली कंपनी पुढे 'जॉन्सन कंट्रोल्स' या नावाने जगभर ओळखली जाऊ लागली. जॉन्सन यांच्या नावावर पन्नासहून अधिक पेटंटे आहेत. तापनियंत्रणाखेरीज मनोऱ्यांवरील घड्याळे, विद्युतघट, बिनतारी संदेशवहन आणि मोटारगाड्या या क्षेत्रांतही त्यांनी काम केले.

प्रारंभिक जीवन

जॉन्सन यांचा जन्म व्हर्माँट राज्यातील लीसेस्टर या गावी झाला. ते लहान असतानाच त्यांचे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यात स्थलांतरित झाले. त्या काळी विस्कॉन्सिन हा नव्याने वसत असलेला प्रदेश होता. जॉन्सन यांचे बरेचसे शिक्षण स्वप्रयत्नाने झाले. तरुणपणी त्यांनी छपाई, जमीनमोजणी आणि शाळेतील अध्यापन अशी वेगवेगळी कामे केली. पुढे ते मुख्याध्यापक झाले आणि डन परगण्याच्या शाळांचे अधीक्षक म्हणूनही त्यांनी काम पाहिले. लहानमोठ्या शाळांच्या इमारतींशी या काळात त्यांचा जो निकटचा संबंध आला, तो पुढील संशोधनास उपयोगी पडला.

व्हाइटवॉटर येथील अध्यापन

१८७६ मध्ये जॉन्सन यांची विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथील सरकारी अध्यापक विद्यालयात नेमणूक झाली. शिक्षक घडवणारी ही संस्था १८६८ मध्ये सुरू झाली होती. आज ती विस्कॉन्सिन विद्यापीठाची व्हाइटवॉटर शाखा म्हणून ओळखली जाते. तेथे जॉन्सन यांना प्राध्यापक म्हणून संबोधले जाई आणि उद्योगात शिरल्यानंतरही ही उपाधी त्यांच्या नावास चिकटून राहिली.

विस्कॉन्सिनमधील हिवाळा अतिशय कडक असतो आणि तापमान अनेकदा शून्याच्या बरेच खाली जाते. विद्यालयाची इमारत तळघरातील भट्टीने उबदार ठेवली जात असे. मात्र वर्गातील तापमान वर्गातून नियंत्रित करण्याची काहीच सोय नव्हती. ऊब कमी-जास्त करणारे डॅम्पर, म्हणजे हवेचा मार्ग उघडणाऱ्या व बंद करणाऱ्या झडपा, तळघरात होते. त्यामुळे इमारतीच्या देखभालीस नेमलेल्या कर्मचाऱ्याला ठरावीक वेळाने प्रत्येक वर्गात जाऊन तापमापी पाहावा लागे आणि मग खाली उतरून झडपा हलवाव्या लागत. शिकवण्यात वारंवार व्यत्यय येई. शिवाय कर्मचारी वर्गात येऊन जाईपर्यंत खोली एकतर गारठलेली असे किंवा जास्त तापलेली असे. ही अडचण दूर करण्यासाठी जॉन्सन यांनी विद्यालयातच प्रयोग सुरू केले.

विद्युत तापदर्शक

जॉन्सन यांचे उपकरण एका साध्या भौतिक नियमावर आधारलेले होते. वेगवेगळे धातू तापवल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. अशा दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींस घट्ट जोडल्या आणि त्या तापवल्या, तर कमी प्रसरण पावणाऱ्या धातूच्या बाजूस जोडपट्टी वाकते. थंड झाल्यावर ती मूळ स्थितीत येते. या पट्टीचे वेटोळे केल्यास तापमानातील थोड्याशा फरकानेही तिच्या टोकाची लक्षात येण्याजोगी हालचाल होते.

जॉन्सन यांनी या हालचालीचा उपयोग विद्युतमंडल जोडण्यासाठी व तोडण्यासाठी केला. ठरावीक तापमान गाठले की वेटोळ्याच्या हालचालीने पाऱ्याचा संपर्क जुळे, तारेतून प्रवाह वाहू लागे आणि तळघरातील घंटा वाजे. घंटा ऐकून कर्मचारी त्या खोलीची झडप उघडी किंवा बंद करी. वर्गात जाऊन तापमान पाहण्याची गरज त्यामुळे उरली नाही. २४ जुलै १८८३ रोजी या विद्युत तापदर्शकाचे पेटंट जॉन्सन यांना मिळाले आणि व्हाइटवॉटरच्या विद्यालयातच ही यंत्रणा बसवण्यात आली.

या पहिल्या उपकरणात तापमान ओळखण्याचे काम यंत्राकडे होते, पण झडप हलवण्याचे काम माणसाकडेच होते. त्यामुळे काटेकोर अर्थाने ते पूर्णपणे स्वयंचलित नव्हते. माणसाचा हा दुवा काढून टाकणे हे जॉन्सन यांच्या पुढील दशकभराच्या कामाचे उद्दिष्ट ठरले.

कंपनीची स्थापना

मिलवॉकी येथील मांसप्रक्रिया उद्योगाचे वारसदार विल्यम प्लँकिंटन यांनी या शोधास भांडवल पुरवले. दोघांच्या भागीदारीतून मिलवॉकी इलेक्ट्रिक मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. त्यामुळे जॉन्सन यांना अध्यापनाचा राजीनामा देऊन पूर्ण वेळ संशोधन करता आले. १८८५ मध्ये या संस्थेची पुनर्रचना होऊन 'जॉन्सन इलेक्ट्रिक सर्व्हिस कंपनी' अस्तित्वात आली.

नावातील 'सर्व्हिस' या शब्दामागे व्यावहारिक कारण होते. तापनियंत्रण यंत्रणा ही एक वस्तू विकून संपणारा व्यवहार नव्हता. प्रत्येक इमारतीत ती वेगळ्या पद्धतीने बसवावी लागे आणि पुढे तिची देखभालही करावी लागे. उपकरणे तयार करणे, ती बसवणे आणि दुरुस्त करणे ही तिन्ही कामे कंपनी स्वतःकडे ठेवी.

याच काळात अशा प्रश्नावर इतरही संशोधक काम करत होते. मिनियापोलिस येथे मूळचे स्विस असलेले आल्बर्ट बुट्झ यांनी १८८५ च्या सुमारास घरगुती भट्टीची झडप आपोआप हलवणारे उपकरण तयार केले. त्या उपकरणापासून सुरू झालेल्या कंपनीचे १९२७ मध्ये हनीवेल कंपनीशी विलीनीकरण झाले. बुट्झ यांचा रोख एका घराच्या एका भट्टीवर होता, तर जॉन्सन यांचा रोख अनेक खोल्यांच्या मोठ्या इमारतीवर होता. तापनियंत्रण उद्योगाच्या या दोन शाखा पुढे दीर्घकाळ समांतर वाढल्या.

वीजपुरवठ्याचा प्रश्न

विजेवर चालणाऱ्या तापनियंत्रकासाठी वीज कोठून आणायची, हा त्या काळातील मोठा प्रश्न होता. न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथील एडिसन यांचे वीजकेंद्र सप्टेंबर १८८२ मध्ये सुरू झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस विस्कॉन्सिनमधीलच ॲपलटन येथे पाण्याच्या शक्तीवर वीज निर्माण करणारे केंद्र सुरू झाले. परंतु बहुतेक गावांत आणि शाळांत तारेने येणारी वीज नव्हती. घंटा, तारायंत्र आणि धोकासूचक उपकरणे यांसाठी काचेच्या बरण्यांतील ओले विद्युतघट वापरले जात.

अशा घटांपैकी लेक्लांशे घट हा विशेष प्रचलित होता. फ्रेंच अभियंते जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. त्यात जस्ताची कांडी, कार्बन, मँगनीज डायॉक्साइड आणि नवसागराचे द्रावण असे. या घटाचा दाब सुमारे दीड व्होल्ट असतो. थोडा वेळ प्रवाह देऊन नंतर विश्रांती मिळणाऱ्या कामासाठी, उदाहरणार्थ दारावरच्या घंटेसाठी, तो उत्तम होता. मात्र मंडल बराच काळ जुळलेले राहिले, तर घटाचे ध्रुवीकरण होऊन त्याचा दाब झपाट्याने घसरे. काही तास विश्रांती दिल्यावर तो पुन्हा सावरे. जस्त हळूहळू झिजे, द्रावणातील पाणी वाळून जाई, क्षार बरणीच्या काठापर्यंत चढत आणि तारांच्या जोडांवर गंज चढे.

तापनियंत्रकासाठी हे दोष गंभीर होते. दारावरची घंटा वाजली नाही तर पाहुणा दारावर थाप मारतो आणि दोष लगेच कळतो. तापनियंत्रकाची घंटा वाजली नाही, तर खोलीतील तापमान योग्य आहे म्हणून ती शांत आहे की घट मेला म्हणून शांत आहे, हे तळघरातील माणसास समजण्याचा मार्ग नसे. दोष उघडकीस येईपर्यंत खोली गारठलेली असे. शिवाय दोष एकाच ठिकाणी असेल असेही नव्हते. घट अशक्त झाला असेल, तार तुटली असेल, जोड गंजला असेल, संपर्कबिंदू मळला असेल किंवा घंटेचे वेटोळे निकामी झाले असेल, तर सर्वांचे बाह्य लक्षण एकच, म्हणजे शांतता. अशा वेळी घटापासून सुरुवात करून मंडलाचा एकेक भाग क्रमाने तपासावा लागे.

जॉन्सन यांनी या प्रश्नास दोन बाजूंनी उत्तर शोधले. एकीकडे त्यांनी घट सुधारण्याचा प्रयत्न केला आणि प्लँकिंटन यांच्यासह पुन्हा भारित करता येणारे संचायक घट तयार करण्याचा उद्योगही सुरू केला. दुसरीकडे त्यांनी यंत्रणेतील विजेचे काम कमी करत नेले. झडप हलवण्यास लागणारी ताकद घटातून मिळणे अवघड होते. म्हणून त्यांनी वीज आणि दाबाखालील हवा यांचा संयोग केला. खोलीतील तापनियंत्रक विजेचा छोटा संकेत पाठवी, त्या संकेताने एक छोटी झडप उघडे आणि तिच्यातून आलेली दाबाखालील हवा मोठा डॅम्पर किंवा वाफेची झडप हलवी. अशा रीतीने विजेकडे केवळ निरोप पोहोचवण्याचे काम उरले आणि श्रमाचे काम हवेकडे गेले. तळघरातील कर्मचाऱ्याने घंटा ऐकून झडप हलवण्याची गरजही यामुळे संपली.

हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा

पुढील टप्प्यात जॉन्सन यांनी वीज पूर्णपणे वगळली. १८९५ मध्ये त्यांनी अनेक खोल्यांचे तापमान स्वतंत्रपणे नियंत्रित करणाऱ्या, हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले.

या यंत्रणेत तळघरातील संपीडक हवा दाबून टाकीत साठवतो. तेथून बारीक नळ्यांमधून ही हवा प्रत्येक खोलीतील तापनियंत्रकापर्यंत पोहोचते. तापनियंत्रकात अतिशय लहान छिद्र असते. तापमान बदलले की द्विधातुपट्टी त्या छिद्राजवळ येते किंवा त्यापासून दूर जाते. छिद्र झाकले गेले की नळीतील दाब वाढतो आणि उघडले की हवा निसटून दाब उतरतो. हा बदलता दाब वाफेच्या नळावरील झडपेच्या पडद्यावर पडतो आणि झडप त्यानुसार बंद किंवा उघडी होते. खोलीत माणूस, तार किंवा घट यांपैकी कशाचीही गरज राहत नाही.

या पद्धतीचे आणखी एक वैशिष्ट्य होते. विजेचा संपर्क एकतर जुळलेला असतो किंवा तुटलेला असतो. हवेचा दाब मात्र हळूहळू वाढवता किंवा कमी करता येतो. तापनियंत्रकाची रचना तशी केल्यास झडप अर्धवट उघडी ठेवता येते आणि खोलीतील तापमान अधिक स्थिर राहते.

हवेच्या यंत्रणेतही दोष निर्माण होत. नळ्यांतून हवा गळणे, संपीडकातील तेल किंवा हवेतील ओलावा नळीत शिरणे आणि धुळीने सूक्ष्म छिद्र बुजणे हे त्यांपैकी प्रमुख होत. परंतु एका मध्यवर्ती संपीडकाची देखभाल करणे इमारतभर पसरलेल्या बरण्यांची निगा राखण्यापेक्षा सोपे होते. गळणारी हवा कानाला ऐकू येई आणि टाकीवरील दाबमापी पाहून पुरवठा ठीक आहे की नाही हे लगेच कळे. विसाव्या शतकाचा बराचसा काळ शाळा, रुग्णालये आणि कार्यालये यांच्या मोठ्या इमारतींमध्ये हीच पद्धत वापरली गेली आणि जुन्या इमारतींत ती आजही आढळते. अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स या संस्थेने या यंत्रणेस यंत्र अभियांत्रिकीतील ऐतिहासिक टप्प्याचा दर्जा दिला आहे.

१९०२ मध्ये कंपनीच्या नावातून 'इलेक्ट्रिक' हा शब्द गळला आणि ती 'जॉन्सन सर्व्हिस कंपनी' झाली. न्यूयॉर्क स्टॉक एक्सचेंज आणि उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांचे निवासस्थान अशा नामांकित वास्तूंमध्ये तिच्या यंत्रणा बसवण्यात आल्या.

मनोऱ्यांवरील घड्याळे

दाबाखालील हवेचा उपयोग जॉन्सन यांनी घड्याळांसाठीही केला. उंच मनोऱ्यावरील घड्याळाचे काटे अतिशय जड असतात आणि वारा, बर्फ यांमुळे ते हलवण्यास मोठी ताकद लागते. जॉन्सन यांच्या रचनेत एक अचूक घड्याळ वेळ मोजी आणि त्याच्या इशाऱ्यावर दाबाखालील हवा मोठे काटे पुढे सरकवी. छोट्या संकेताने मोठी ताकद नियंत्रित करणे हे तापनियंत्रकातील तत्त्वच येथे नव्या कामास लावले होते.

मिलवॉकी नगरभवनाच्या मनोऱ्यावरील घड्याळ त्यांनी बनवले. फिलाडेल्फिया नगरभवनाच्या मनोऱ्यावरील चारही तबकड्यांचे घड्याळ त्यांच्याच रचनेचे होते. प्रत्येक तबकडीचा व्यास २६ फूट असून लंडनच्या बिग बेनच्या तबकड्यांपेक्षा तो मोठा आहे. १८९९ च्या नववर्षारंभी हे घड्याळ सुरू झाले. १९०४ मध्ये सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात जॉन्सन यांच्या कंपनीने उतरणीवर फुलझाडांचे प्रचंड घड्याळ उभारले. त्याच्या तबकडीचा व्यास सुमारे ११२ फूट होता. मिनिटकाट्याचे टोक दर मिनिटास सुमारे पाच फूट सरके आणि काटे दाबाखालील हवेने हलवले जात.

बिनतारी संदेशवहन आणि मोटारी

विसाव्या शतकाच्या आरंभी जॉन्सन बिनतारी संदेशवहनाकडे वळले. मिलवॉकी येथील अमेरिकन वायरलेस टेलिग्राफ कंपनीत त्यांनी प्रयोग केले. पुढे ट्रायोड नलिकेच्या शोधामुळे प्रसिद्ध झालेले ली डी फॉरेस्ट हे तरुणपणी अल्पकाळ याच कंपनीत काम करत होते. संदेश ग्रहण करण्याचे स्वतःचे उपकरण कंपनीस वापरू देण्यास त्यांनी नकार दिल्याने ते तेथून बाहेर पडले. हा उपक्रम व्यावसायिकदृष्ट्या यशस्वी झाला नाही.

यानंतर जॉन्सन यांनी मोटारगाड्यांच्या निर्मितीत लक्ष घातले. सुरुवातीस त्यांच्या गाड्या वाफेच्या इंजिनावर चालत आणि १९०७ पासून पेट्रोल इंजिनाच्या गाड्याही तयार होऊ लागल्या. मिलवॉकीतील टपाल वाहून नेण्यासाठी त्यांच्या मोटारींचा उपयोग करण्यात आला. याखेरीज झुंबरे, स्प्रिंग नसलेली दाराची कुलुपे, पंक्चर न होणारे टायर, तापमापी आणि रेल्वेच्या डब्यांना वाफेची ऊब पुरवणाऱ्या नळीचा जोड अशा अनेक वस्तूंच्या रचना त्यांनी केल्या.

मृत्यू आणि नंतरची वाटचाल

५ डिसेंबर १९११ रोजी लॉस एंजेलस येथे वयाच्या ६४ व्या वर्षी जॉन्सन यांचे निधन झाले. अखेरपर्यंत त्यांचे लक्ष नव्या शोधांकडे होते. त्यामुळे कंपनीची शक्ती अनेक उद्योगांत विभागली गेली होती. १९१२ मध्ये हॅरी एलिस कंपनीचे अध्यक्ष झाले. मोटारगाड्यांसह इतर उद्योग बंद करून त्यांनी केवळ मोठ्या इमारतींच्या तापनियंत्रणावर लक्ष केंद्रित केले.

१९७२ मध्ये कंपनीने लघुसंगणकावर आधारित इमारत-नियंत्रण यंत्रणा बाजारात आणली आणि १९७४ मध्ये 'जॉन्सन कंट्रोल्स' हे नाव स्वीकारले. १९७८ मध्ये मिलवॉकीतीलच ग्लोब-युनियन या बॅटरी बनवणाऱ्या कंपनीचे तिच्यात विलीनीकरण झाले. संस्थापकाने एकेकाळी हाताळलेला संचायक घटांचा उद्योग अशा प्रकारे कंपनीकडे परत आला. हा विभाग २०१९ मध्ये विकण्यात आला. २०१६ मध्ये टायको कंपनीशी विलीनीकरण झाल्यावर मुख्यालय आयर्लंडमधील कॉर्क येथे गेले.

वारसा

जॉन्सन यांनी हवेच्या आधारे टाळलेला वीजपुरवठ्याचा प्रश्न घरगुती तापनियंत्रकात नव्या रूपाने परत आला आहे. उत्तर अमेरिकेतील घरांत भट्टीतील ट्रान्सफॉर्मर घरातील विजेचा दाब सुमारे २४ व्होल्टपर्यंत उतरवून नियंत्रण मंडलास पुरवतो. जुना तापनियंत्रक हे केवळ एक कळबटण असल्याने त्यास दोन तारा पुरत. आजच्या स्मार्ट तापनियंत्रकात पडदा, प्रक्रियक आणि वाय-फाय असल्याने त्यास अखंड वीज लागते आणि त्यासाठी ट्रान्सफॉर्मरकडे परत जाणारी आणखी एक तार लागते. ती 'सी' तार म्हणून ओळखली जाते. ती नसल्यास काही उपकरणे भट्टीच्या मंडलातूनच थोडा प्रवाह घेऊन आपली बॅटरी भारित करतात. तो अपुरा पडला की पडदा काळा होणे, वाय-फाय तुटणे किंवा भट्टी अवेळी चालू-बंद होणे असे दोष दिसतात.

अशा दोषाचा शोध आजही स्रोतापासून टोकाकडे घेतला जातो. प्रथम भट्टीचा सर्किट ब्रेकर आणि तिच्या दाराखालील सुरक्षा-कळ, मग नियंत्रण फलकावरील फ्यूज, मग साचलेले पाणी वाढल्यास पुरवठा तोडणारी तरंगकळ, त्यानंतर ट्रान्सफॉर्मरचा दाब आणि शेवटी भिंतीमागील तारांचे जोड असा हा क्रम असतो. तापनियंत्रकाच्या 'आर' आणि 'सी' या तारांमध्ये सुमारे २४ व्होल्ट दाब आढळला, तर पुरवठा शाबूत असून दोष बहुधा उपकरणात आहे असे ठरते. दाब शून्य आढळला, तर दोष मागे कोठेतरी असतो आणि तापनियंत्रक बदलून तो दूर होत नाही.

२०१८ मध्ये जॉन्सन कंट्रोल्सने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने 'ग्लास' नावाचा पारदर्शक पडद्याचा स्मार्ट तापनियंत्रक विक्रीस आणला. खोलीतील तापमान ओळखून त्याचा निरोप भट्टीपर्यंत पोहोचवणे हेच, व्हाइटवॉटरच्या तळघरातील घंटेप्रमाणे, त्याचेही मूळ काम होते.